कार्डाला दोष देण्याआधी एसएमपीएसचं लेबल वाच

पत्र असं आलंय:

"ताई, मी काळाचौकीला राहतो, टीवायला आहे. घरी असेंबल केलेला जुना पीसी आहे, आय५ ६५००, एच११० बोर्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी. मित्राकडून आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड घेतलं, ८ जीबीवालं, साडेपाच हजाराला. डेस्कटॉपवर सगळं मस्त चालतं, छोटे गेम पण चालतात, पण जीटीए ५ किंवा सायबरपंक लावला की पाच-दहा मिनिटांत पीसी फटकन बंद होतो आणि आपोआप रीस्टार्ट होतो. पीसीला वीज देणारा एसएमपीएस कॅबिनेटसोबतच आलेला आहे, ४५० वॅट लिहिलंय त्यावर. कार्डाला लावायची केबल नव्हती म्हणून दीडशे रुपयाचा कनेक्टर आणला. दुकानदार म्हणतो कार्ड क्रिप्टो मायनिंगमधलं आहे, गेलंय, त्यापेक्षा नवीन जीटी ७३० घे, ४ जीबी आहे. माझ्याकडे सुट्टीत काम करून जमवलेले पंधरा हजार आहेत. कुठलं कार्ड घेऊ? मित्र म्हणतो एसएमपीएस पण बदल आणि बदलायचाच तर डायरेक्ट १००० वॅटचा टाक, पण मग लाइट बिल वाढेल ना? आधीच आईची कटकट चालू आहे, कॉम्प्युटर पुसायला गेलं की हाताला मुंग्या येतात म्हणते, विकून टाका म्हणते. — लोडशेडिंग, काळाचौकी"

अरे लोडशेडिंगा, आधी एक काम कर. हे वाचून झालं की पीसी बंद कर, प्लग काढ आणि तो दीडशेचा कनेक्टर काढून हातात घे. प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय का, जळका वास येतोय का बघ. आलाच तर तो कचऱ्यात. नाही आला तरी कचऱ्यातच, पण मग जरा निवांतपणे. तोपर्यंत कार्ड काढून ठेव आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लाव, तुझ्या आय५ ६५०० मध्ये इंटेलचं ग्राफिक्स आहेच, कॉलेजचं काम अडणार नाही.

आता कार्ड. पत्रात तू सगळं लिहिलंस पण मित्राला एक साधा प्रश्न विचारलेला दिसत नाही, की बाबा तुझ्याकडे हे कार्ड नीट चालत होतं का आणि तुझ्याकडे एसएमपीएस कुठला होता? चालत होतं म्हणाला तर अर्धी केस तिथंच सुटली. कारण ग्राफिक्स कार्ड खरंच गेलेलं असतं ना तेव्हा ते सहसा नखरे करून सांगतं, स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात, चौकोन येतात, चित्र गोठतं, ड्रायव्हर क्रॅश झाल्याचा मेसेज येतो. तुझ्याकडे यातलं काहीच नाही. साधं काम केलं तर नीट, गेमने जोर मागितला की सगळा पीसी एका क्षणात खाली बसतो आणि परत उठतो. दहातल्या आठ-नऊ वेळा हा करंट पुरत नसल्याचा प्रकार असतो.

४५० वॅट लिहिलंय म्हणतोस. अरे, लिहायला काय जातं. एसएमपीएसच्या कुशीवर एक लेबल असतं, त्यावर तक्ता असतो, +३.३, +५, +१२ असे रकाने आणि खाली अँपिअर. तुझ्या कामाचा रकाना एकच, +१२चा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही त्याच्यावरच जेवतात. कॅबिनेटसोबत येणाऱ्या लोकल डब्यांवर तिथं १४, १६, फार तर १८ लिहिलेलं असतं. समजा तुझ्यावर १६ आहे. १२ गुणिले १६, झाले १९२ वॅट. कुठे गेले ४५०? आता खाणारी तोंडं मोज, आरएक्स ५८० चं अधिकृत पॉवर रेटिंग १८५ वॅट, प्रोसेसर ६५ वॅट, झाले २५०, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे चाळीस-पंचेचाळीस वेगळे. शिवाय कार्ड काही एका लयीत खात नाही, गेममध्ये मोठा स्फोट-बिफोट झाला की काही मिलिसेकंदांसाठी रेटिंगच्याही वर उडी मारतं. म्हणजे चार माणसांच्या भातात दहा जणांची पंगत बसवल्यासारखं झालं. १२ व्होल्टची लाइन ५ टक्क्यांपर्यंत वर-खाली झालेली चालते, म्हणजे ११.४ पर्यंत ठीक, त्याखाली घसरली की एसएमपीएस बोर्डाला जो 'पॉवर ठीक आहे' सिग्नल देत असतो तो जातो आणि बोर्ड रीसेट होतो. तुला दिसतो तो रीस्टार्ट हाच.

आणि त्या कनेक्टरबद्दल मला जास्त राग आहे. कार्डाच्या ८ पिनच्या सॉकेटमधून १५० वॅटपर्यंत घ्यायची सोय असते, त्यासाठी १२ व्होल्टच्या तीन वायरी येतात. तू आणलेल्यात काय असणार, दोन मोलेक्स (जुन्या हार्ड डिस्कचे चार पिनचे प्लग) एकत्र करून त्याचं ८ पिन केलेलं. एका मोलेक्समध्ये १२ व्होल्टची पिवळी वायर असते एकच, आणि तू ते दोन्ही मोलेक्स एकाच केबलच्या माळेवरचे लावले असतील तर मागून येणारी वायरही एकच, तीही लोकल डब्यातली केसासारखी बारीक. गरम होणार नाही तर काय होईल. साटाच्या, म्हणजे एसएसडीला लागतो त्या प्लगवरून ८ पिन काढणारा कनेक्टर तर त्याहून वाईट, साटाच्या प्लगला १२ व्होल्टवर ५४ वॅटच झेपतात. असले जुगाड विकणारे विकतात, आपण घ्यायचे नाहीत.

मी हे एवढं तावातावाने सांगतेय कारण मी स्वतः ठेच खाल्लीय. बऱ्याच वर्षांपूर्वी मामेबहिणीला पीसी जुळवून दिला होता, पैसे कमी पडले म्हणून एसएमपीएस लोकल टाकला, कुठून घेतला ते जाऊ दे. आठ महिन्यांनी तो फुटला आणि जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला, आणि त्या डिस्कवर तिच्या लग्नाचे फोटो होते. अजून लग्नकार्यात भेटलो की विषय निघतोच. चांगल्या एसएमपीएसमध्ये जास्त लोड, जास्त व्होल्टेज, शॉर्ट सर्किट यांपासूनची संरक्षणं असतात, तो स्वतः बंद पडतो पण बाकीच्यांना घेऊन मरत नाही. लोकलवाल्यात ती जागा रिकामी ठेवून पैसे वाचवलेले असतात.

तर पंधरा हजारातून पहिली खरेदी एसएमपीएसची. कार्डाची आत्ता नाहीच.

किती वॅटचा? ५५०. हिशोब वर केलाच, ५८० धरून तुझा सगळा पीसी तीनशेच्या आत बसतो, एएमडी या कार्डाला ५०० वॅट सुचवते, उड्या मारायला जागा हवी आणि पुढे कधी कार्ड बदललंस तर परत खर्च नको, म्हणून ५५०. ८० प्लस ब्राँझ घे. मात्र ८० प्लस हे वीज किती वाया जाते त्याचं सर्टिफिकेट आहे, एसएमपीएस किती सुरक्षित आहे त्याचं नाही, हा घोळ दुकानदारही करतात. म्हणून ब्रँडही बघायचा, कोर्सेअर, कूलर मास्टर, डीपकूल, अँटेक, एमएसआय यांचे ५५० वॅट ब्राँझ साडेतीन-साडेचार हजाराच्या आसपास मिळतात, ज्यावर पाच वर्षांची वॉरंटी असेल तो उचल. स्टिकरवर ८० प्लससारखं काहीतरी गोल-गोल छापलेलं असतं आणि वाचलं तर भलतंच निघतं, संशय आला तर ८० प्लसच्या साइटवर मॉडेल नंबरानुसार यादी आहे, तिथं बघ. आणि दुकानात उभ्या-उभ्या ओळखायची माझी एक खूण सांगते. एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असा छोटा लाल स्विच दिसला की ठेवून द्यायचा, तो जुन्या डिझाइनचा, अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) नसलेला. तुझ्या आत्ताच्याला तो असेल तर हातही लावू नकोस, घरात लहान भाऊ असेल तर त्यालाही लावू देऊ नकोस, आपल्या २३० व्होल्टवर तो ११५ वर सरकला तर दिवाळी होईल.

१००० वॅटचा टाक म्हणणाऱ्या मित्राला माझा नमस्कार सांग. बिल त्याने वाढणार नाही, ती भीती चुकीची आहे, एसएमपीएस जेवढं मागितलं जाईल तेवढंच भिंतीतून ओढतो, १००० लिहिलंय म्हणून १००० जळत नाहीत. पण पैसे फुकट जातील. बिलाचा हिशोब हवाच असेल तर घे, पीसीला २९५ वॅट लागले आणि एसएमपीएस ८५ टक्के कार्यक्षम असला तर भिंतीतून साधारण ३४७ ओढणार, मॉनिटरचे पंचवीस धर, पावणेचारशेच्या आत. रोज तीन तास खेळलास तर दिवसाला १.१ युनिट, महिन्याला ३३-३४ युनिट. घरच्या बिलावर युनिटचा दर बघ आणि गुणाकार करून आईला स्वतःच दाखव, तिनं विचारायच्या आधी. तोच लोकल डबा समजा ७० टक्क्यांवर चालत असेल तर त्याच कामाला चारशे वीस ओढेल, वरचे सत्तर वॅट कॅबिनेटमध्ये गरम हवा बनून फिरणार, आणि मे महिन्यात चाळीच्या खोलीत ते कोणाला हवेत.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण ते नाव विचारलंस तर तिथलाच माणूस दोन मिनिटं विचार करेल. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतर, चालत पोचतोस. रविवारी जाऊ नकोस, बरीच दुकानं बंद असतात. घरून निघतानाच ऑनलाइन भाव बघून ठेव, तीन दुकानात विचार, आणि बिल जीएसटीचंच घे, त्यावर सीरियल नंबर लिहून घे. "बिल नको असेल तर अजून दोनशे कमी करतो" असं म्हणणारा भेटेलच, त्याला हसून पुढे जायचं, कारण वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटरला गेलास की तिथं तुझं हसू कोणी बघत नाही.

लावताना फार काही नाही, बोर्डाला २४ पिन, प्रोसेसरजवळ तुझ्या बोर्डावर बहुतेक ४ पिनचं सॉकेट असेल तर ४+४ मधली अर्धी केबल लाव, आणि कार्डाला पीसीआय-ई लिहिलेली ६+२. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला बहिणी-बहिणी पण आतून वेगळ्या, बसत नसेल तर चुकीची आहे, अंगठ्याने दाबून बसवू नकोस. जुना डबा उघडून बघायचा मोह होईल, तो आवर, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. (ज्यांचा पीसी डेल, एचपी, लेनोवोचा ऑफिसवाला आहे त्यांनी हे वाचून लगेच धावू नये, त्यात बरेचदा नेहमीची २४ पिन नसतेच आणि डब्याचा आकारही वेगळा असतो, आधी झाकण उघडून बघा.)

मग ५८० परत लाव आणि खेळ. माझा अंदाज आहे की चालेल. मायनिंगचं असू शकतं हे मात्र दुकानदाराचं खोटं नाही, १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो नाण्याने कार्डावरचं मायनिंगच बंद करून टाकलं आणि त्यानंतर असली कार्डं बाजारात पोत्यांनी आली, ५८० त्यातलं लाडकं. मायनिंगचं म्हणजे मेलेलंच असं काही नाही. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाक, त्यात शेडर्स २३०४ दिसले तर अस्सल ५८०, २०४८ दिसले तर ते छाटलेलं व्हर्जन, चालेल पण साडेपाच हजार जरा जास्त दिलेस. नकली कार्ड असेल तर तेही ते ओळखतं बऱ्याचदा. मग फरमार्क ही कार्डाला घाम फोडणारी टेस्ट पंधरा मिनिटं चालवून तापमान आणि स्क्रीन बघ. कार्डाच्या पट्टीवर, स्क्रूवर गंज असेल तर घाबरू नकोस, मुंबईच्या हवेत गॅलरीच्या ग्रिललाही तो असतो, पण पंख्यात आणि हीटसिंकमध्ये साठलेली धूळ ब्रशने काढ. कॉम्प्युटरच्या वरच्या फळीवर देवघर असेल तर अगरबत्तीचा धूर त्या धुळीला चिकट करतो, नुसत्या फुंकरीने ती निघत नाही.

एवढं करूनही ठिपके-बिपके आले, कार्ड खरंच गेलेलं निघालं, तरच पुढचा परिच्छेद.

जीटी ७३० नाही म्हणजे नाही. ते २०१४चं कार्ड आहे, मॉनिटरला चित्र द्यायला ठीक. ४ जीबी, ४ जीबी म्हणून विकतात पण मेमरी म्हणजे गोदाम रे, गोदाम मोठं आणि हमाल एकच, काय उपयोग. तुझ्या बोर्डाकडे बघून अजून दोन गोष्टी सांगते ज्या दुकानात कोणी सांगणार नाही. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल पण ते पीसीआय-ईच्या, म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, चारच लेन वापरतं, नव्या ४.० बोर्डावर निभावतं, तुझ्या ३.० बोर्डावर मार खातं. आणि इंटेल आर्कची कार्डं छान आहेत पण त्यांना रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो तुझ्या सहाव्या पिढीच्या बोर्डावर मिळणार नाही, म्हणजे पैसे पूर्ण आणि वेग अर्धामुर्धा. जीटीएक्स १०५० टीआय कोणी देत असेल तर नको, त्या पिढीला एनव्हिडियाने नवीन गेमचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. तुझ्यासारख्याला खरी निवड दोनच. आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ७० वॅटवर चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळी केबलही लागत नाही, स्लॉटमधून मिळणारे ७५ वॅट पुरतात. नाव सारखं म्हणून ८ जीबीवाल्याशी गल्लत करू नकोस, ते १३० वॅटचं आणि जास्त दमाचं. किंवा आरएक्स ६६००, १३२ वॅट, एक ८ पिन, दोन्ही ३०५० पेक्षा पुढे. मी असते तर ६६०० साठी थांबले असते, पण नवीन घ्यायला तुझ्या उरलेल्या अकरा हजारात ते बसणार नाही, सेकंडहँड शोधावं लागेल, आणि विकणाऱ्याच्या घरी जाऊन चालू अवस्थेत बघितल्याशिवाय घ्यायचं नाही.

पण ५८० चाललं तर उरलेल्या पैशातून फक्त एक गोष्ट घे, अजून एक ८ जीबीची रॅमची काडी, डीडीआर४, सेकंडहँड चालेल, ती क्वचितच बिघडते. सायबरपंकला कमीत कमी १२ जीबी लागते, तुझी ८ मध्येच धापा टाकत असणार, आणि दोन काड्या झाल्या की ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्हीकडून एकदम डेटा घेण्याचा, फायदा वेगळा. त्या गेमच्या कमीत कमीच्या यादीत कार्ड म्हणून ५८० आहे पण प्रोसेसर आय७ ६७०० आहे, तुझा आय५ त्याच्या खालचा, तेव्हा गर्दीच्या चौकात गाडी चालवताना अडखळेल, तो दोष कार्डाचा नसेल आणि भारीतलं कार्ड टाकून तो जाणारही नाही. १०८० पी, सेटिंग लो-मिडियम, एवढ्यावर खुश राहायचं. बाकीचे पैसे बँकेत ठेव. नोकरी लागली की बोर्ड-प्रोसेसर बदलशील तेव्हा हाच एसएमपीएस नव्या पीसीत जाईल.

यूपीएसबद्दल विचारलं नाहीस पण विचारशील. शहरात लाइट जाते किती वेळा, १२ ऑक्टोबर २०२० ला सगळी मुंबई बंद पडली ती अजून आपण तारखेनिशी लक्षात ठेवलीय यातच आलं. घरात आधीचा ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटचाच असतो, गेमिंगच्या वेळी पीसी त्यावर ठेवू नकोस, अॅक्टिव्ह पीएफसीवाल्या एसएमपीएसचं आणि स्वस्त यूपीएसचं तसंही नीट जुळत नाही.

आता आईच्या मुंग्या. तुम्ही सगळे हसता ना तिला? तिचं बरोबर आहे. एसएमपीएसमध्ये विजेतला नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात आणि तिथून अर्थिंगमध्ये उतरायची सोय असते. सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगच नसेल, जुन्या चाळींमध्ये बरेचदा ते भोक नुसतं शोभेला असतं, तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर मेनच्या निम्मे, शंभर-एकशेपंधरा व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून मुंग्यांवर भागतं, पण ओल्या फडक्याने पुसताना, उघड्या पायाने, ओल्या फरशीवर, जास्त जाणवणारच. टेस्टर पत्र्याला लाव, मिणमिणता दिवा लागेल. नवीन, कितीही चांगला एसएमपीएस टाकलास तरी हे जाणार नाही, कारण तेच कपॅसिटर त्यातही असतात. आणि एसएमपीएसच्या आत उद्या खरंच काही सुटलं तर तो करंट जायला अर्थिंग नाही, मग तो पुसणाऱ्याच्या हातातून जाणार. तेव्हा लॅमिंग्टन रोडला जायच्या आधी वायरमनला बोलाव, मीटरपासून त्या सॉकेटपर्यंत अर्थिंग येतंय का तपासायला सांग, नसेल तर वायर ओढून घे, पंधरा हजारातले पहिले पैसे तिथं जाऊ देत. तो येईपर्यंत पुसायचं काम तू कर, प्लग काढून, कोरड्या फडक्याने.